डेमो पीसला हळद लागली

मी घाटकोपरचा एक ई-रीडर बोलतोय, म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र. सहा इंची, काळा-पांढरा आणि अंगात जरा जास्तच उत्साह! जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला म्हणे, पण मला आठवतं ते थेट निधीचं दुकान. तिने मला खोक्यातून काढलं, पाठीला वायर अडकवली आणि डेमो पीस करून टाकलं. डेमो पीस म्हणजे सगळ्यांनी हात लावायचा, घरी कुणी न्यायचं नाही.

माझ्या डाव्या बाजूला दहा इंची दादा, त्याच्यावर पेनाने लिहिता येतं. उजव्या बाजूला रंगीत दादा, त्याचा तोरा काय विचारता! गिऱ्हाईकं आधी त्याच्याकडेच जायची. मी आपला पान उलटताना क्षणभर काळा पडून, डोळा मिचकावल्यासारखं करून लक्ष वेधून घ्यायचो.

दर रविवारी केयूर यायचा. त्याने मोबाइलमध्ये आमचा तक्ताच केला होता. वजन, उजेड, बॅटरी, पाण्यात पडलं तर काय, सगळं त्यात. लग्नाला मुली बघतानासुद्धा कुणी एवढी चौकशी करत नसेल. आठ महिने झाले तरी त्याचं काही ठरेना.

एकदा निधीने विचारलं तेव्हा खरं काय ते कळलं. त्याच्या वडिलांनी, श्यामसुंदररावांनी, वाचनालयाचं कार्ड परत केलं होतं. आता वाचायचा कंटाळा येतो, असं घरी सांगितलं होतं. पण केयूरने त्यांना खिडकीत भिंग धरून पेपरचे नुसते मथळे वाचताना पाहिलं होतं. हे ऐकून मला त्याचा भयंकर राग आला. अरे बाबा, तू आठ महिने पडदे मोजतोयस आणि तिकडे म्हाताऱ्याचं एक पान वाचून झालं नाही!

पुढच्या रविवारी तो वडिलांना घेऊन आला आणि रंगीत दादासमोर उभा राहून तक्ता वाचायला लागला. श्यामसुंदरराव कंटाळून माझ्याकडे वळले. मोबाइलच्या दुकानातले खोटे फोन त्यांनी पाहिलेले, वर छापील चित्र चिकटवलेले. मला ना चकाकी, ना झगमगाट. त्यांना वाटलं, मीही तसलाच.

"ह्यो कागद चिकटवलेलो आसा. मशीन खंय?" असं मालवणीत म्हणत त्यांनी माझ्या कोपऱ्यात नख घातलं आणि कागद सोलायला घेतला.

आई गं! पण बोट लागलं आणि मी टुणकन पान उलटलं. ते एवढे दचकले की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. निधी हसत धावत आली आणि तिने अक्षरं मोठी करून दाखवली. आणखी मोठी. आणखी.

श्यामसुंदरराव स्टुलावर बसले आणि वाचायलाच लागले. लग्नघरातून हापूसच्या अठरा पेट्या कुणी पळवल्या, अशी गोष्ट होती. केयूरने दोनदा हाक मारली, त्यांना ऐकूच गेली नाही. आनंदाने माझी बॅटरी फुटायची बाकी होती.

शेवटी केयूर तक्ता मिटून म्हणाला, हाच घेऊ. निधीने माझ्यासारखाच नवा कोरा काढला, त्यातही हीच गोष्ट टाकून देते म्हणाली. श्यामसुंदररावांनी मला छातीशी धरलं.

"माझा तेरावा पान ह्येच्यातच आसा," ते म्हणाले. "दुसऱ्याक काय ठावक, मी खंयपर्यंत इलंय ता?"

डेमो पीस विकत नाही, हे निधी सांगणार होती. तेवढ्यात तिला माझ्या कोपऱ्यातला नखाचा ओरखडा दिसला. "हा आता शोकेसमध्ये तरी कसा ठेवू, काका?" असं म्हणून तिने वायर काढली.

घरी केयूरच्या आईने, जानकीबाईंनी, नव्या वस्तूची रीत म्हणून मला हळदकुंकू वाहिलं, तेही सरळ पडद्यावर. केयूर ओरडेपर्यंत हळद ओरखड्यात जाऊन बसली. आता कितीही पुसा, जात नाही.

गोष्टीतल्या पेट्या मामाने पळवल्या होत्या, ते पाचव्या दिवशी कळलं. आता चौथं पुस्तक चालू आहे आणि वाचनालयाचं कार्ड परत आणायचा विचारही, तिथे माझ्यात टाकायची पुस्तकंही मिळतात म्हणे. तुम्ही निधीच्या दुकानात गेलात तर तक्ता घरी ठेवा, ज्याला वाचायचं आहे त्याला घेऊन जा. आणि त्या रंगीत दादाला माझा निरोप द्या: माझ्याकडे एकच रंग आहे, पण तो घरचा आहे.