एका कार्डावरचं रक्त

त्या दिवशी सकाळी कडबा आधी कुणाचा कापायचा यावरून दोघी जावा भांडत होत्या. चुली आठ वर्षांपूर्वीच वेगळ्या झालेल्या, पण कडबा कापायचं यंत्र काही मधोमध चिरून वाटता येत नाही, म्हणून ते आणि भांडण तेवढं सामाईक राहिलं होतं. मी शेजारचा टेम्पोवाला. भिंतीला भिंत लागून, त्यामुळं मला मुद्दाम कान द्यावा लागत नाही.

"माझ्या म्हशी कालपासून उपाशी आहेत," थोरली म्हणाली.

"आणि माझ्या काय वारा खाऊन दूध देतात?" असं म्हणत धाकटीनं खटका दाबला.

थोरलीनं पेंढी मागं ओढली, धाकटीनं पुढं रेटली. नेमकं काय झालं ते देव जाणे. किंकाळी ऐकून मी धावलो तेव्हा यंत्र बंद होतं, धाकटी जमिनीवर होती आणि थोरली तिच्या मनगटावर डोक्याचा रुमाल करकचून बांधत होती. कडबा लाल झाला होता.

दोघींचे नवरे बाजाराला गेलेले. घरात कर्ता म्हणून फक्त सासरा, आणि तो म्हणजे आमचा म्हातारा! दुसऱ्याची कुदळ त्याला कायम हलकी लागायची. मागून नेलेली वस्तू त्यानं कधी आपणहून परत केल्याचं गल्लीत कुणाला आठवत नाही. त्यालाही टेम्पोत घातलं आणि शहरातला सरकारी दवाखाना गाठला.

आता माझी चूक सांगतो, कारण ती माझीच आहे. खिडकीवरच्या कारकुनानं कार्ड मागितलं. मोफत उपचाराचं कार्ड त्या घरात एकच, थोरलीच्या नावाचं. धाकटीचं नाव घालायला म्हातारा आठ वर्षं "उद्या जातो" म्हणत होता. आमच्या गल्लीत तर त्या एका कार्डावर सगळेच बरे व्हायचे. कागदावर थोरलीच्या दोन डोळ्यांतले तीन मोतीबिंदू काढून झाले होते. तेव्हा मीच म्हणालो, "थोरलीचं द्या की, फोटोत कोण ओळखतंय?" म्हाताऱ्यानं मान हलवली. थोरलीनं कार्ड काढून दिलं. त्या घटकेला तिलाही दुसरं काही सुचलं नाही.

डॉक्टर तरुण होता, डोळे झोपेनं तांबारलेले. जखम बघून म्हणाला, "रक्त फार गेलंय. कार्डाला जोडलेला जुना कागद आहे ना? बाळंतपणात रक्तगट तपासलाय, बी. लावा पिशवी."

"एकदा ताजं तपासून घेऊ," नर्सबाई म्हणाल्या.

"तपासणारा रजेवर आहे. थांबलो तर हातची जाईल ही."

पिशवी टांगली. तिच्यावर केवढंतरी मोठं अक्षर होतं, बी. थोरली ते बघत उभी राहिली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. ती पुढं झाली आणि तिनं नळी दुमडून मुठीत आवळून धरली.

म्हातारा तिच्या कानाशी लागला, "गप बस! कार्ड जाईल आणि सगळे तुरुंगात जाऊ. एका घरात नांदता, एका विहिरीचं पाणी पिता. रक्त काय वेगळं असणार आहे?"

"डॉक्टर," ती मोठ्यानं म्हणाली, "ही मी नाही."

"म्हणजे?"

"कागदावरची बाई मी आहे. बी रक्त माझं. ही माझी जाऊ. हिचं कोणतं ते कुणालाच ठाऊक नाही."

"नाव कुणाचं ते मागाहून बघू. नळी सोडा आधी, मरेल ती!"

"सोडली तर मरेल. माझ्या बाळंतपणात शेजारच्या खाटेवरच्या बाईला दुसरीची पिशवी लावली होती. थरथरत होती, पाठ मोडली म्हणून ओरडत होती. लघवी काळी झाली आणि दोन दिवसांत गेली. मी डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही पोलीस बोलवा, मला बांधून न्या, पण आधी हिचं रक्त तपासा."

ती तसूभर हलली नाही.

डॉक्टर काही बोलायच्या आत नर्सबाईंनी धाकटीच्या बोटाला सुई टोचलीसुद्धा. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर रक्ताचे थेंब ठेवले, त्यांत दोन बाटल्यांतलं औषध वेगवेगळं टाकून काडीनं ढवळलं. "माझंही घ्या," थोरली बोट पुढं करत म्हणाली. धाकटीचे दोन्ही थेंब जसेच्या तसे राहिले. थोरलीचा एक थेंब नासलेल्या दुधासारखा फुटला.

"हिचं ओ आहे," नर्सबाई म्हणाल्या. "बी चढवलं असतं तर हिच्याच रक्तानं ते परकं म्हणून फोडलं असतं. मग मूत्रपिंडं बंद."

डॉक्टर भिंतीला टेकला. हळूच म्हणाला, "बरं झालं तुम्ही अडवलंत." ओ ची पिशवी त्याच कपाटात होती, खालच्या कप्प्यात. नर्सबाईंनी या वेळी तिच्यातलं रक्तही धाकटीच्या रक्ताशी जुळवून बघितलं आणि मगच लावलं. तेव्हा कुठं थोरली मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडली.

धाकटीची दोन बोटं गेली, जीव राहिला. शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला प्रश्न, "माझ्या म्हशींना कुणी घातलं का?"

"घातलं," थोरली म्हणाली. "माझ्या खाऊन उरलं ते."

कार्ड मात्र जप्त झालं. चौकशी लागली, थोरलीला चार वेळा कचेरीत बोलावलं. गल्ली तिच्यावर उखडली. चौथ्या मोतीबिंदूच्या आशेवर बसलेल्या आत्याबाईंनी तर बोलणं टाकलं. थोरली दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या नावावर आता कुणी मरायचं नाही. ज्यानं त्यानं आपापल्या नावानं जगा!" आणि धाकटीच्या नावाचा अर्ज स्वतः जाऊन देऊन आली.

पुढच्या महिन्यात तिनं नर्सबाईंना गावात बोलावलं. यंत्राच्या छपरात सगळ्या गल्लीची बोटं टोचली आणि थोरलीनं चुन्यानं भिंतीवर लिहून काढलं, कुणाचं कोणतं. धाकटी डाव्या हातानं चुन्याचं भांडं धरून उभी होती. म्हातारा सगळ्यांत शेवटी आला.

"तुमचं एबी, आजोबा," नर्सबाई म्हणाल्या. "गटाचं बघाल तर तुम्हाला कुणाचंही चालेल. पण तुमचं मात्र एबी सोडून दुसऱ्या कुणाला देता येणार नाही."

मग धाकटीनं थोरलीकडं बघितलं.

"एवढं कळायला," थोरली म्हणाली, "सुई कशाला टोचलीत, बाई?"

आठ वर्षांत त्या दोघींना एकत्र हसताना मी पहिल्यांदा ऐकलं.