ओढ्याकाठचे पाच गुंठे

विमलबाईंनी ओढ्याकाठचे पाच गुंठे सरकारला दिले, तेव्हा दिरानं त्यांच्याशी बोलणंच टाकलं. चाकणच्या अलीकडं, ओढ्यापल्याडच्या शेतांत बारा-बारा मजली इमारती उठल्या होत्या. त्यांचं मैलापाणी लांबच्या शुद्धीकरण केंद्रात ढकलायला त्या जागेवर पंपहाऊस व्हायचं होतं. दोन वर्षं उलटली. इमारती माणसांनी भरल्या. पंपहाऊसची एक वीट लागली नाही. मैला ओढ्यात आला आणि ओढ्यातून विमलबाईंच्या विहिरीत पाझरला. म्हशीसुद्धा त्या पाण्याला तोंड लावेनात.

त्या इमारतींच्या सोसायटीत सभा आहे, ड्रेनेज खात्याचे साहेब येणार आहेत, असं कळल्यावर त्या न बोलावता गेल्या आणि मागच्या खुर्चीवर बसल्या.

इमारतीतले लोकही पेटलेलेच होते. तळमजल्यावरच्या बाथरूममधून घाण उलटी वर येत होती. साहेबांनी सगळं ऐकलं, चहा घेतला आणि म्हणाले, "आमची तयारी आहे हो. पण गाववाले जागाच देत नाहीत."

"वाटलंच होतं," पुढून कुणीतरी म्हणालं. "जमिनी विकून गब्बर झालेत, तरी हाव सुटत नाही."

विमलबाईंच्या कानशिलांत आग उठली. पदर खोचून त्या उभ्या राहिल्या.

"कोण देत न्हाई? साहेब, हिकडं बघून बोला. ताबापावतीवर तुमचीच सही हाय. घरात वैर घेतलं मी त्या जागंपायी!"

साहेब चाचरले. "मावशी, जागा आहे... पण निधी नाहीये."

"मग ड्रेनेजसाठी बिल्डरनं भरलेलं शुल्क?" सोसायटीच्या सेक्रेटरी पद्मजाताईंनी विचारलं. "आमच्याकडूनच वसूल केलंय त्यानं."

"ते तात्पुरतं रस्ता सुशोभीकरणाकडं वळवलंय."

दुभाजकातले खजूर आणि रंगीत दिवे सगळ्यांनी पाहिले होते.

"बाई, आम्ही उगाच तुम्हाला बोल लावला," पद्मजाताई म्हणाल्या. "माफ करा."

"माफी काय हिरीत घालू? आत्ता बोलले ते लिवून मागा त्यांच्याकडनं."

साहेब फाइल आवरून उठले, तोवर विमलबाई खुर्ची ओढून दारातच बसल्या होत्या. त्यांच्या मागं एकेक करत पन्नास माणसं उभी राहिली. जागा ताब्यात आहे, निधी दुसरीकडं वळवला आहे, असं साहेबांनी दोन ओळींत लिहिलं, खाली सही केली आणि मगच वाट मिळाली.

तो कागद घेऊन विमलबाई आणि पद्मजाताई वर्षभर कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिल्या. दाद लागेना. शेवटी त्याच कागदाच्या जोरावर त्यांनी कोर्टातून बिल्डरच्या पुढच्या टॉवरची परवानगी अडवली, तेव्हा कुठं आठ दिवसांत निधी सापडला.

भूमिपूजनाला नारळ फोडायचा मान विमलबाईंचा, असा निरोप आला.

"माझी हिर नासवली, तवा कुणी मुहूर्त बघितला व्हता?" त्या निरोप्यावर कडाडल्या. "त्यांचा नारळ त्यांनीच फोडावा म्हणावं!"

नारळ कुणीतरी फोडला, फोटो निघाले. विमलबाई त्या वेळी टँकरपाशी हंडे भरत होत्या. त्यांचा राग तसूभरही उतरला नव्हता.