स्वयंपाकघरातून आलेलं उत्तर

माझा नवरा विद्याधर, त्याला जाऊन चार महिने झाले होते आणि तेव्हापासून माझी सात वर्षांची गंधाली एक शब्दही बोलली नव्हती. डॉक्टर म्हणायचे, धीर धरा. म्हणायला त्यांचं काय जातं?

मी मुलुंडला घरीच नववीच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते. त्या बुधवारी क्वेश्चन टॅग चालू होते. माझी पद्धत जुनीच: वाक्य मी म्हणायचं, शेपूट मुलांनी एका सुरात जोडायचं. नोबडी, समबडी आले की मुलं हमखास गडबडतात. मिहिर नावाच्या आगाऊ मुलाने विचारलंच, "टीचर, नोबडी म्हणजे कोणीच नाही ना? मग शेवटी 'दे', म्हणजे 'ते', कुठून आले?" नियम आहे, पाठ कर, असं म्हणून मी त्याला गप्प बसवलं.

"समबडी हॅज कम," मी म्हटलं.

"हॅवन्ट दे?" मुलं ओरडली, आणि त्यांच्यामागून, आतल्या खोलीतून गंधालीचा बारीक आवाज आला. मला रडूच फुटलं.

मुलं गेल्यावर मी तिला जवळ घेऊन बसले. बाहेर अजून उजेड होता.

"एव्हरीबडी हॅज गॉन."

"हॅवन्ट दे?"

"नथिंग इज राँग."

"इज इट?"

एकही चूक नाही. मी हावरटासारखी वाक्यांमागून वाक्यं टाकत सुटले.

"नोबडी इज इन द किचन," मी म्हटलं.

ती थांबली. वर्गात दुसऱ्याची पाळी असताना थांबावं तशी, स्वयंपाकघराकडे बघत.

"आर दे?" आतून उत्तर आलं. आवाज विद्याधरचा होता. शिकवणी चालू असली की चहा टाकता टाकता तो असाच मुलांत सूर मिसळायचा, मुद्दाम नाकातून.

गंधाली हसली. "आई, बाबांचं बरोबर आलं ना? मीच शिकवते त्यांना. तू दुपारी झोपतेस ना, तेव्हा."

मी तिचा हात घट्ट धरला. ती मात्र थांबतच नव्हती. बाबांना भूक लागत नाही, बाबांना खूप थंडी वाजते, असं काय काय सांगत होती. मी तिला ओढतच दाराबाहेर नेलं. बोरिवलीला भावाकडे जाऊ, परत इथे पाऊल टाकायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. पण उंबरा ओलांडला आणि ती गप्प झाली. आई म्हण, काहीतरी बोल, म्हणून मी तिला गदागदा हलवलं. चार महिने बघितलेला तोच कोरा चेहरा.

मी तिला आत आणलं, दाराला कडी लावली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून पुढचं वाक्य म्हटलं.