पाय पुढे

संजीवनीच्या सायकलीवर बसता येत नसे, रेलावं लागे. मांडवात मांडतात तसल्या प्लास्टिकच्या खुर्चीचे चारी पाय कापून तिच्या नवऱ्याने, सुनिलने, ती लोखंडी दांड्यावर जखडली होती. पायडल खाली नव्हते, समोर होते, पुढच्या चाकाच्याही पुढे. पाठ टेकायची, पाय लांब करायचे आणि आभाळाकडे बघत सायकल हाकायची. दोन मोडक्या सायकलींचं सामान, तीन साखळ्या जोडून केलेली एक लांबलचक साखळी, आणि मागे बांबूच्या कामटीला बांधलेलं लाल फडकं. एवढ्या बुटक्या वाहनाकडे ट्रकवाल्याचं लक्ष जाणार कसं, म्हणून ते फडकं.

हे सगळं उभं राहिलं ते तिच्या पाठीपायी. शहापुरातल्या कोरोनाच्या केंद्रात ती मावशी होती, कंत्राटावरची. त्याआधी एका दवाखान्यात असताना एका जडशीळ माणसाला खाटेवर घेताना तिच्या कमरेत काहीतरी सटकलं होतं. मणक्यातली गादी सरकली म्हणाले. तेव्हापासून वाकणं बंद. मार्चात एसटी थांबली तेव्हा तिने साधी सायकल चार दिवस चालवून पाहिली. पाचव्या दिवशी अंथरुणातून उठता येईना. सुनिलचा मुरबाडचा कारखाना तेव्हा बंद होता. त्याने मोबाइलवर कुठल्याशा परमुलखातला माणूस निजून सायकल हाकताना पाहिला आणि पंधरा दिवस पडवीत ठोकाठोक केली. मग कारखाना सुरू झाला, कामगारांनी आतच राहायचं ठरलं, आणि सुनिल गेला तो गेलाच. जाताना एवढंच म्हणाला, "उताराला दोन्ही ब्रेक दाब गो. एकावर भरवसा नाय."

तेव्हापासून सकाळी सोळा किलोमीटर आणि सांजेला सोळा. पाड्यापासून शेणव्यापर्यंत खडीचा रस्ता, पुढे डांबरी. उताराला सायकल पाण्यासारखी वाहायची. चढाला मात्र तिचा खरा स्वभाव कळायचा. साध्या सायकलीवर माणूस उभं राहून जोर लावतं. इथे उभं कसं राहणार? जे काय करायचं ते मांड्यांनी. दुतर्फा भाताच्या रोपांसाठी राब भाजल्याचे काळे चौकोन, त्यांवरून उठणारा धूर, वर करपलेलं आभाळ. कुत्री तोंडासमोर येऊन भुंकायची, कारण तिचं तोंड त्यांच्याच उंचीवर. नाक्यावरचा पोलीस पहिल्या दिवशी कागद बघून म्हणाला होता, "काय मावशी, ड्युटीला चाललात का झोपायला?"

"झोप लागली तर उठवा, साहेब," ती म्हणाली होती.

आता तोही थट्टा करत नसे. नुसता हात वर करायचा. सगळ्यांचंच हसू आटत चाललं होतं.

पाय थकले की ती मनातल्या मनात दळायला बसायची. आईच्या घरचं जातं, त्याची घरघर, आणि तिच्याच पायांनी जुळवलेली ओवी:

*पायानं दळीते गो, वाटेची नाचणी,*
*कवा सरंल बाय, जिवाची जाचणी.*

जातं फिरतं तेव्हा निदान पीठ पडतं. इथे वाट सरायची आणि सकाळी पुन्हा तेवढीच सुपात पडलेली असायची.

केंद्रात राहायची सोय होती. एका शाळेच्या वर्गात गाद्या टाकल्या होत्या, सारिका नावाची सिस्टर रोज म्हणायची, "संजीवनी, मरशील त्या रस्त्यावर. राहा ना इथं." पण घरी सासू होती. बाईजाला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शस्त्रक्रियेची तारीख एप्रिलातली, ती टाळेबंदीत बुडाली. साखरेचा आजार, सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन. म्हातारीला सुई दिसत नव्हती आणि शेजारपाजार उंबऱ्याच्या आत येत नव्हता. संजीवनी सकाळी सुई टोचून, भाकर झाकून निघायची, आणि सांजेला विहिरीपलीकडे अंगावरून पाणी घेऊन, कपडे तिथेच भिजवून, तोंड बांधून घरात शिरायची. निजायला गोठा. घर सोडलं तर म्हातारीचं खरं नव्हतं. काम सोडलं तर चूल कशी पेटणार? दोन दिवस दांडी पडली की कंत्राटदार दुसरी बाई उभी करायचा. म्हणून या दोन टोकांना ती सायकलीच्या साखळीने बांधून ठेवत होती. साखळी अजून तुटली नव्हती, एवढंच.

त्या दिवशी केंद्रात दोन माणसं गेली. दोघांनाही गुंडाळताना संजीवनी होती. निघायला उशीर झाला. शेणव्यावरून आत वळली तेव्हा दिवस डोंगराला टेकला होता, आणि पाड्याच्या शिवेवर, वाटेत आडवे, बाभळीचे काटे पडले होते.

काट्यांच्या आतल्या अंगाला लडकू उभा होता, तोंडाला उपरणं गुंडाळून. पाड्यातला जुना जाणता माणूस; त्याचा शब्द सहसा खाली पडत नसे. बाजूला पाड्यातलाच तरणा धाऊ, हातात काठी. मागे चार बायका पदर दाबून.

"थांब तिथंच," लडकू म्हणाला.

तिने दोन्ही ब्रेक दाबले. "काय झाला, लडकूदादा?"

"पाड्याचं ठरलंय. शहापुरात ऱ्हा, नायतर घरी बस. रोजचं येणंजाणं नाय."

"घरी बसले तर काम जाईल. तिकडं ऱ्हायले तर म्हातारीला कोण बघल?"

"बघू आमी."

"कोण? महिनाभर कुणी उंबऱ्याशी आलात? सुई टोचाल तिला?"

लडकूने धाऊकडे पाहिलं. धाऊच पुढे झाला. "आजाराचं एक हाय, वयनी. पण ही तुझी सायकल... आता कसा सांगू..."

"सांग ना."

"तिरडी दिसते गो ती!" मागच्या बायकांतली वयस्क धोंडीबाई ओरडली. "तिनसांजेला पाय पुढं करून निजून येतेस, वर फडका लावून. पोरां घाबरतात. बाहेर मेलेला माणूस आमी शिवेतून आत आणत नाय, ओढ्याकडनं नेतो. आणि तू रोज तशीच येतेस गावात!"

संजीवनीने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. धुळीने पांढरे झालेले, पुढे ताठ, अंगठे आभाळाकडे. दुपारीच तिने असे चार पाय कापडात बांधले होते.

"मी मेले नाय अजून, धोंडीकाकू," ती म्हणाली. "सायकल हवी तर इथंच टाकते. चालत जाते घरी."

"तसं पण नाय." लडकूने मान हलवली. "ठरलंय ते ठरलंय. माघारी जा."

माघारी म्हणजे सोळा किलोमीटर, अंधारात. पण पायांपेक्षा तिला सुईच दिसत होती, देवळीत, वाटीखाली झाकलेली. साडेसात वाजत आले होते. म्हातारी चुलीशी बसून साखळीच्या आवाजाकडे कान लावून असेल. सुई घेतल्याशिवाय ती जेवायची नाही, आणि जेवली नाही तर काय होतं ते संजीवनीने खाटाखाटांवर पाहिलं होतं.

"दादा, निदान आज तरी," ती म्हणाली. "सुई देते, भात घालते, आणि पहाटे..."

"आज तुला सोडली तर उद्या कोणाला अडवू?"

तेवढ्यात बायकांच्या मागे काठीची टकटक ऐकू आली. बायका बाजूला सरल्या, जरा जास्तच घाईने. बाईजा येत होती. लुगड्याचा कासोटा घट्ट, एक हात पुढे, वाट पायांनीच वाचत. साठ वर्षं चाललेली वाट. तिला डोळे लागत नव्हते.

"साखळी वाजली आणि थांबली," ती म्हणाली. "म्हटलं, घराच्या अलीकडंच कशी थांबली? संजे, पडलीस का गो?"

"नाय आये. काटे टाकलेत वाटेत."

"कुणी?"

लडकू खाकरला. "मावशे, तू कशाला आलीस? ठेचकाळशील."

"लडकू का? मग बरा." म्हातारी काठीवर रेलली. "मला तुझाच आवाज ऐकायचा होता. काय म्हणत होता रे? पाय पुढं करून येतं ते मढं?"

"मी नाय, धोंडीकाकू..."

"अडवणारा तू ना? मग तुलाच इचारते." बाईजाने आंधळी नजर बरोबर त्याच्या तोंडावर ठेवली. तिच्यात फणकारा नव्हता; चाळीस वर्षं अडलेल्या बायकांशी बोलून मुरलेला, हळू, न घाबरणारा आवाज होता तो. बाईजा या पाड्याची सुईण होती. समोरच्यांपैकी धोंडीबाई सोडली तर सगळ्यांना पहिलं पाणी तिनेच घातलं होतं. "तुझी आय दोन दिस अडली होती, लडकू. तिसऱ्या दिशी पहाटं माझ्या हाताला काय लागला? डोका नाय. तुझा डावा पाय. तुझा बा नवसू पडवीतून बोलला, जिवंत नाय यायचा हा. शेजारची रंभा बोलली, अशुभ हाय, पाय पुढं करून मढीच निघतात घरातून. मी बोलले, घरातून निघतात, हा तर घरात येतोय. पाय तर पाय. येऊ द्या. आणि आलास. तेवा कुणी तुझ्या वाटंत काटे टाकले असते तर?"

लडकू पायाळू होता, हे पंचक्रोशीला ठाऊक होतं. पायांकडून जन्मलेल्याचा पाय पाठीला लागला की उसण पळते, असा या मुलखाचा भरवसा. किन्हवलीपासून माणसं यायची, त्याच्या अंगणात पालथी पडायची. लडकू डावा पाय तीनदा लावायचा, वर चहा पाजायचा. दोन महिन्यांत एकही पाठ आली नव्हती. त्याने खाली, वहाणेतल्या आपल्या पायाकडे पाहिलं.

"मावशे," धाऊ हळूच म्हणाला, "दादाचा पाय पुढं आला, पण अक्कल मागून यायची होती ती अजून वाटंवरच हाय."

एका बाईला हसू आलं. तिने पदराआड दाबलं. लडकू हसला नाही. त्याचे डोळे मात्र भरले.

"मेहुणा गेला, मावशे. पंधरा दिस झाले. खांदा नाय देता आला. कुठं जाळला ते पण नाय बघितला. ही समोरून येते तिनसांजची, आणि मला वाटतं, त्यालाच आणतायत." त्याने उपरणं डोळ्यांवर दाबलं. "रोज वाटतं."

संजीवनीला वाटलं, उठावं, त्याच्याजवळ जावं. पण जवळ जायचे दिवस नव्हते. ती निजल्या निजल्याच म्हणाली, "दादा, तिकडं जे जातात त्यांना आमी नुसते गुंडाळत नाय. शेवटचं पाणी घालतो. मी तर नाव घेते त्यांचं. कुणीतरी घेतला असेल त्याचा पण."

खरंच घेतलं असेल का, ते तिला ठाऊक नव्हतं. पण तिने स्वतः घेतलं होतं, दुपारी, दोनदा. एकाचं नाव तिला कागदावरून वाचावं लागलं होतं.

लडकूने उपरणं पुन्हा तोंडाला गुंडाळलं. मग धाऊच्या हातातली काठी घेऊन त्याने काटे ओढायला सुरुवात केली. एक फांदी, दुसरी, तिसरी.

"लडकू, पाड्याचं ठरलेलं..." धोंडीबाई म्हणाली.

"ठरवणारात मी पण होतो, काकू. आता मी बोलतो, येऊ दे." तो संजीवनीकडे वळला. "पोरांत मिसळायचं नाय."

"मिसळत नाय."

"आंघोळ बाहेर."

"बाहेरच करते. निजते पण गोठ्यात."

"मग जा."

ती जायला निघाली आणि जाता येईना. शिवेवर वाटेला लहानसा उंचवटा होता, एरवी लक्षातही न येणारा. इतका वेळ ताठ राहून मांड्यांचं लाकूड झालं होतं. एक पाय पुढे गेला, दुसऱ्याने साथ दिली नाही. सायकल हातभर चढली आणि मागे आली. पुन्हा तेच. हँडल खुर्चीच्या खाली, दोन्ही बाजूंना. उतरून ढकलायचं तर वाकायला हवं, आणि आज ती वाकली असती तर तिथेच राहिली असती. धाऊ पुढे झाला आणि हात आखडून थांबला. तिला हात कोण लावणार?

मग मागून वहाण काढून ठेवल्याचा आवाज आला. खुर्चीच्या पाठीवर काहीतरी दाबलं गेलं, रुंद, जड. पातळ प्लास्टिकमधून ते तिच्या दुखऱ्या मणक्याला बरोबर लागलं. लडकूने डावा पाय खुर्चीला लावला होता. काठीवर भार टाकून त्याने रेटा दिला. सायकल उंचवट्यावरून वर गेली, क्षणभर डुलली, आणि घरांच्या बाजूला उताराला लागली.

बाईजा साखळीच्या आवाजाच्या अंगाने चालू लागली. संजीवनी तिच्या चालीने हळूहळू पाय मारत राहिली.

"उसण पळाली का गो?" लडकूने मागून विचारलं. विचारताना तो ओशाळला होता, ते आवाजावरून कळत होतं.

पाठ ठणकत होती. तशीच, सकाळपासूनची.

"नाय, दादा," संजीवनी म्हणाली. "तीनदा लावायचा असतो ना?"

मागे वहाण पायात सरकवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "दुसरा उद्या लावीन. साडेसहाला ये. मला मागून राब बघायला जायचंय, उभा नाय ऱ्हायचो."

"येते," ती म्हणाली, आणि सासूला विचारलं, "आये, भात टाकलास का?"

"टाकलाय," बाईजा म्हणाली. "खाली लागला असंल थोडा."