डाव्या इंजिनात पाणी कुठून आलं

मी डाव्या बाजूचं इंजिन बोलतोय. उजव्याला विचारू नका, त्याला काही झालेलं नाही. झालं ते मला, आणि माझ्यापायी गुंडप्पाला. माझं डोकं अजून तापलेलं आहे, तेव्हा बोलण्यात कमीजास्त झालं तर झालं.

आम्ही दोघं एकाच कारखान्यात, एकाच आठवड्यात तयार झालो. टेम्पोतून आलो. येरमाळ्याला टेम्पोवाल्यानं चहा घेतला, मग थेट लोहारा तालुक्यातल्या या धरणावर आणून उतरवलं. इथं आण्णासाहेबांची बोट चालते, चाळीस माणसांची. या काठावरून पलीकडच्या गावाला न्यायची आणि परत आणायची. आम्हाला तिच्या पोटात मागच्या अंगाला शेजारी शेजारी बसवलं. उजव्याच्या धुराचा पाइप उजवीकडून बाहेर काढला, माझा डावीकडून. पाण्याच्या वर जेमतेम एक वीत.

बोट चालवायला गुंडप्पा होता. सहा वर्षं त्यानं आम्हाला सांभाळलं. रोज सकाळी तेलाची पट्टी काढून चिंधीला पुसायचा, परत बुडवून बघायचा, मगच किल्ली फिरवायचा. त्याची बायको इरम्मा बोटीत ओटीचं सामान विकायची.

ओटी कशाला, तर धरणाच्या मधोमध जुनं गाव बुडालेलं आहे आणि त्यात लक्ष्मीआईचं देऊळ आहे. पलीकडं जाताना देऊळ डाव्या हाताला लागतं. तिथं बोट थांबते. आईच्या डोक्यावर धडधड करायची नाही, म्हणून आम्हा दोघांना बंद करतात. बायका पाण्यात ओटी सोडतात, पुरुष नारळ सोडतात. परतीला कुणी थांबत नाही. पूर्वी आठ-दहा माणसं असायची. यंदा मंगळवारी आणि शुक्रवारी बोट गच्च भरायला लागली.

तेव्हापासून मला पाणी लागलं. आधी नुसता खोकला आणि पांढरा धूर. मग एका शुक्रवारी देवळापाशी मला बंद केलं, ते मी पुन्हा फिरलोच नाही. आतून घट्ट अडकलो. एकट्या उजव्यानं बोट कशीबशी काठाला आणली.

धक्क्यावर आण्णासाहेबांनी माझी तेलाची पट्टी उपसली. तेल ताकासारखं पांढरं.

"डिझेल इकतूस आन् पाणी भरतूस व्हय रं?" ते गुंडप्पाला म्हणाले. चाळीस माणसं उभी होती.

"मालक, टाकीतलं डिझेल बाटलीत काढून ठिवा," गुंडप्पा म्हणाला. "पाणी असंल तर तळाला बसंल. मग काय बी म्हणा."

"लई शिकवू नगंस. किल्ली ठिव आन् नीघ."

एक बाटली हो. गावात रिकाम्या बाटल्यांना काय तोटा होता? कुणी भरली नाही. आणि मी आतल्या आत ओरडत होतो की आम्ही दोघं एकाच टाकीतलं डिझेल पितो, पाणी डिझेलात असतं तर उजवा धडधाकट कसा? एवढा साधा हिशोब चाळीस डोक्यांत एकालाही सुचू नये याचा मला अजून राग येतो.

सास्तूरहून भीमाशंकर मिस्त्री आला. विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्यानं माझं डोकं उघडलं, गॅस्केट बदललं, पिस्टनचा वाकलेला दांडा बदलला, नवं तेल घातलं. धक्क्याला बांधलेल्या रिकाम्या बोटीत मला तासभर चालवलं आणि छान आहे म्हणून निघून गेला. मंगळवारी तेल पुन्हा पांढरं. चालवणारा नवा, डिझेल नवं, पाणी मात्र आलंच. तरीही गुंडप्पाचा दोष नव्हता, असं कुणाच्या तोंडून निघालं नाही. मला भंगारात घालायचं ठरलं.

गुंडप्पा तोवर लोकांच्या उसाला पाणी देत होता. ट्रॅक्टरवर त्याला कुणी घेईना. डिझेल चोरतो म्हणे.

मला काढायच्या दिवशी इरम्मा तिचं नारळाचं पोतं न्यायला आली. भीमाशंकर पिशवीतून पाने-पक्कड काढत होता.

"मिस्त्री, तुमी पाणी आतच हुडकताय," ती म्हणाली. "आईला हात जोडाया समदी डावीकडं येत्यात, तवा बोट कलती अन् ह्यो पायप पाण्यात जातोय. मी रोज तिथंच बसत हुती."

भीमाशंकरनं तिच्याकडं बघितलं, मग पाइपाकडं. धक्क्यावरच्या पंचवीस माणसांना बोटीत घेऊन डाव्या कठड्याला उभं केलं. मी बंद होतो. पाइपाचं तोंड पाण्यात गेलं आणि गुडगुड आवाज आला. त्यानं आतून सायलेन्सर सोडवला, तर बादलीभर पाणी त्याच्या पायावर सांडलं.

चालू असतो तर धुरानं पाणी बाहेर ढकललं असतं. बंद असल्यावर ते पोटात उतरून तेलात मिसळायचं, मी काय करणार?

पाइप वाकवून दीड हात वर घेतला. त्या दिवसापासून माझ्यात थेंब आलेला नाही.

आण्णासाहेब इरम्माला म्हणाले, "पाठव त्याला उद्यापास्नं. झालं गेलं सोडून दे."

"मालक, चोर म्हणताना चाळीस माणसं हुती," ती म्हणाली. "आता तुमी माझ्या एकलीच्या कानात सांगताय." पोतं डोक्यावर घेऊन ती निघून गेली. गुंडप्पा आला नाही.

याला तीन आठवडे झाले. आण्णासाहेब, तुम्ही रोज माझ्यावर हात ठेवून कंप बघता, तेव्हा हे ऐकून घ्या. माझा दोष बाहेरचा निघाला, तुमचा आतला आहे, आणि त्याला मिस्त्री लागत नाही. शुक्रवारी बोट भरते. धक्क्यावर उभे राहा आणि म्हणा, गुंडप्पा चोर नव्हता, माझं चुकलं. मी चालू असलो तर आधी मला बंद करा, म्हणजे मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल.