उलटी लागलेली कव्हरस्लिप

डॉक्टरांनी लॅबमधल्या नव्या मुलीची, नवीची, स्लाइड खिडकीच्या उजेडात धरली आणि मला म्हणाले, “बाई, बघा तरी. एक बुडबुडा सापडतोय का?”

मी बघितलं. नव्हता. पोटात असं दुखलं म्हणून सांगू.

सव्वीस वर्षं या लॅबमध्ये मी हेच करत आले. पेशंटच्या गाठीचा पातळ काप काचेवर घ्यायचा, त्यावर चिकट द्रवाचा एक थेंब आणि वरून कव्हरस्लिप, नखासारखी पातळ काच. ती सपाट टाकायची नसते. आधी एक कड टेकवायची आणि चिमट्यावर तोलत हळूहळू निजवायची, म्हणजे हवा पुढे पळते. घाई केली की बुडबुडा अडकलाच, आणि तो मेला नेमका नको तिथे बसतो. ‘कव्हरस्लिप लावावी तर आमच्या बाईंनी,’ असं डॉक्टर आल्यागेल्याला सांगायचे. घरी माझ्या कशाचं कुणी कौतुक केल्याचं आठवत नाही. ते एक वाक्य मला पुरत असे.

नवी आली आणि आठ महिन्यांत ते वाक्य तिच्या वाट्याला गेलं. त्यात तिला शिकवलं मीच. ‘ताई, असं का?’ म्हणून विचारायची आणि दुसऱ्या दिवशी माझ्याहून बरं करायची. स्वभावानंही गोड. निदान खडूस तरी असावं ना माणसानं.

त्या मंगळवारी तिच्या स्लाइड ट्रेमध्ये रचताना एकीवर माझी नजर अडकली. कव्हरस्लिप काचेच्या उलट्या बाजूला लागली होती. लेबलही त्याच बाजूला. खाली काप उघडा, वर कोऱ्या काचेवर सुबक कव्हरस्लिप. बुडबुडा मात्र एकही नाही. खोटं कशाला बोलू, मनात उकळ्या फुटल्या. तिला हाक मारली असती तर अर्ध्या तासात तिने ती सोडवून पुन्हा लावली असती. मी ती स्लाइड सगळ्यात वर ठेवली, ट्रे डॉक्टरांपुढे नेला आणि पुढची गंमत बघायला तिथेच कपाट आवरत राहिले.

मायक्रोस्कोपच्या लहान लेन्सखाली सगळं ठीक दिसलं. मग त्यांनी मोठी लेन्स फिरवली; तिला मात्र जाड काचेपलीकडचा काप स्वच्छ दिसत नाही. चाक पुढे केलं, मागे केलं. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाकले. आता नवीला हाक मारणार, म्हणून मी कान टवकारले.

“बाई, दार लोटा जरा,” ते म्हणाले. मी लोटलं.

“मोतीबिंदू काढूनही उपयोग झाला नाही बघा. सगळं धूसर दिसतंय. कुणाला बोलू नका, पण महिनाअखेरीला मी काम थांबवतो. नाहीतर उद्या धडधाकट माणसाला कॅन्सर आहे म्हणून सांगून बसेन.”

स्लाइड उलटी असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. येणार कसं? सव्वीस वर्षांत माझ्या नजरेखालून तशी एकही त्यांच्यापर्यंत गेली नव्हती.

नवीचं नाव अगदी जिभेवर होतं. पण ते मायक्रोस्कोपचा दिवा बंद करायला लागले होते, आणि ती वेळ त्यांच्यावर काही नवीने आणलेली नव्हती; ट्रे मी नेला होता.

“डोळे ठीक आहेत तुमचे, डॉक्टर. कव्हरस्लिप उलटी लागलीय. माझ्या हातून.”

त्यांनी स्लाइड तिरकी करून बघितली आणि खुर्चीत मागे टेकून किती तरी वेळ हसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“वय होतं हो सगळ्यांचंच,” ते मायेने म्हणाले. “एक करा. उद्यापासून तुमच्या स्लाइड नवीला एकदा दाखवून पाठवत जा.”

दुसऱ्या दिवशी मी माझा ट्रे तिच्या टेबलावर ठेवला. ती अवघडली. म्हणाली, “ताई, तुमच्या मी काय बघायच्या?”

“बघ. सांगितलंय त्यांनी.”

तिने एकेक स्लाइड उचलून दोन्ही बाजूंनी नीट बघितली. काही म्हणजे काही सोडलं नाही. मी ॲप्रनला हात पुसत तिच्यासमोर उभी राहिले.

“चांगल्या आहेत,” ती म्हणाली.

आणि मेलं, मला बरं वाटलं.