न विचारायचा प्रश्न

मधल्या सुट्टीत नेत्रा टीचरने डबा उघडला आणि तसाच बंद केला. घरी नऊ महिन्यांच्या लेकीला दात येत होते, आठवडाभर झोप अशी नव्हती, आणि आता शाळेच्या मोठ्या मॅडमची चिठ्ठी आली होती. प्राप्तीची इंग्रजीची तोंडी परीक्षा शुक्रवारी पुन्हा. तेव्हाही बोलली नाही, तर सोमवारपासून तिला दुसरीत बसवायचं.

प्राप्ती चौथीतली. दिघीकडच्या कोळीवाड्यातली. जूनमध्ये मराठी शाळेतून बोर्लीजवळच्या या इंग्रजी शाळेत आली. नेत्राने तिच्यासाठी काय काय केलं होतं! बाकावर शेजारी इंग्रजी चांगलं येणाऱ्या अमिषाला बसवलं, चित्रांच्या पट्ट्या केल्या, मॅडमची नजर चुकवून मराठीतून समजावलं. मुलगी हळूहळू उलगडत होती. आणि परवा तोंडी परीक्षेत नेत्राने पुस्तकातला सगळ्यात सोपा प्रश्न काढला, ‘व्हेन विल युवर फादर कम होम?’ प्राप्तीने जी मान खाली घातली, ती घातलीच. नेत्राने तीनदा विचारलं. मुलं हसली. पुढच्या एकाही प्रश्नाला तिने तोंड उघडलं नाही.

शाळा सुटल्यावर नेत्राने स्कूटी घराऐवजी कोळीवाड्याकडे वळवली. लेक सासूबाईंना छळत असणार, हे डोक्यात होतंच.

प्राप्तीची आई केसर बोंबील वाळत घालत होती. प्राप्ती तिच्या हाताखाली मदतीला.

“या टीचरबाई. बसा. अगो बाय, किती वाळल्यात तुमी! तुमालापन दोरीवर टांगली का काय शालंत?”

नेत्रा हसली, मग टोपलीशेजारी टेकून सगळं सांगितलं. केसरचे हात थांबले.

“कधी येनार, असं इचारलंत?”

“तीनदा.”

“बाई, बोट दर्यात हाय. पाच दिस झाले. मानूस दर्यात असताना कधी येनार हे आमच्या घरात कोन इचारीत न्हाय. कोन इचारलं तर सांगीत न्हाय. ती कशी बोलंल?” मग आवाज उतरवून म्हणाली, “घरी येऊन रडली पोर. बोलले असते तर बाबाला कायतरी झालं असतं, म्हनं. आनि न्हाय बोलले तर टीचर रागावली.”

नेत्राने टोपलीतला एक बोंबील उचलला. एवढे दिवस ती प्राप्तीसाठी शब्द शोधत होती, आणि मुलीने तर ओठ घट्ट मिटून बापाला सांभाळलं होतं.

“प्राप्ती,” ती म्हणाली, “हे कसं करतेस गं? मला शिकव.”

प्राप्तीने एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवला आणि जोडी दोरीवर टाकली. “आदी धुवायचं. मंग दोन घ्यायचं. तोंडात तोंड. दुपारी पालटायचं.” झराझरा बोलली, एकदाही न अडखळता. नेत्राने एकेका कामाला इंग्रजी शब्द दिला. वॉश. हँग. टर्न. टोपली रिकामी झाली तेव्हा नेत्राच्या जोड्या अजून घसरतच होत्या, आणि प्राप्ती त्या नीट करत होती.

शुक्रवारी मॅडमनी पुस्तक उघडलं. बोट नेमकं त्याच प्रश्नावर.

“मॅडम, तो नको,” नेत्रा म्हणाली. “तिचे वडील समुद्रात आहेत. कधी येणार, हे त्यांच्याकडे तोवर बोलत नाहीत.”

“पुस्तकात आहे, नेत्रा. प्रत्येकीच्या घरचं बघत बसायचं का?”

“तिला इंग्रजी येतं का, एवढंच बघायचंय ना? मग बोंबील कसे वाळवतात, ते विचारा.” एवढं बोलतानाही तिचे पाय दुखत होते. भांडायला अंगात जोर नव्हता, त्यामुळे आवाज आपोआप सरळ निघाला.

मॅडमनी चष्मा काढला. “बरं. टेल मी.”

प्राप्तीने आधी नेत्राकडे पाहिलं. “फर्स्ट वी वॉश. देन टू फिश. माउथ इन माउथ.” दोन बोटं एकमेकांत अडकवून दाखवली. “वी हँग. आफ्टरनून वी टर्न.”

“व्हाय माउथ इन माउथ?”

हे शिकवलेलं नव्हतं. प्राप्ती अडकवलेली बोटं हलवून म्हणाली, “विंड कम. नो फॉल.”

“कम्स,” मॅडम म्हणाल्या.

“विंड कम्स.”

मॅडमनी कागदावर लिहिलं, चौथीतच राहू दे. खाली आणखी एक ओळ, वार्षिक परीक्षेत सवलत नाही. म्हणजे अजून दोन महिने रोज हेच. आणि अशी वर्गात प्राप्ती एकटी थोडीच होती.

सोमवारी नेत्रा हजेरी घेत होती. लेकीचा पहिला दात वर आला होता, तरी डोळे मिटत होते. प्राप्तीचं नाव आलं. ती उभी राहिली, हजर म्हणायचं सोडून टेबलापर्यंत चालत आली.

“टीचर,” कुणी न विचारता ती म्हणाली, “माय फादर केम होम.”